आत्याच्या प्रवचनासाठी दीपस्तंभ

प्लिमथ, इंग्लंड

ती. आत्यास,
सा. न.

प्रवचनात दीपस्तंभाचा दृष्टांत घेणार आहेस, म्हणून जरा सविस्तर लिहितो. 'गुरू दीपस्तंभासारखा, त्याच्याकडे बघत चालत राहावं' हे वाक्य तेवढं काढून टाक. दिव्याचा रोख धरून सरळ गेलेलं जहाज खडकावर आपटायचं, कारण कितीतरी दीपस्तंभ धोक्याच्याच जागी बांधलेले असतात. 'मी इथे आहे' एवढंच दिवा सांगतो. आपण कुठे आहोत, ते खलाशानं काढायचं.

ते काढतात कसं? आधी ओळख पटवायची. प्रत्येक दिव्याची लय ठरलेली असते. इथल्या समुद्रात खडकावर उभ्या असलेल्या एडिस्टोन दीपस्तंभाचे दर 10 सेकंदांना दोन पांढरे झोत. घड्याळ लावून दोन-तीन आवर्तनं तरी मोजावी लागतात. लाट आड आली की एखादा झोत हुकतो, दोनाचा एक होतो आणि भलताच दिवा समजून जहाज भलतीकडे जातं. लय दीपसूचीशी (कुठल्या दिव्याची लय कोणती, याची यादी) ताडून पाहिली की होकायंत्रानं दिव्याची दिशा घ्यायची आणि नकाशावर त्या दिव्यातून रेघ मारायची. पण जहाज त्या रेघेवर कुठेही असू शकतं. दुसऱ्या दिव्याची रेघ तिला छेदते तिथे आपली जागा. दोन रेघांतला कोन काटकोनाच्या जितका जवळ तितकं बरं. 30 अंशांच्या आत आला, तर दिशा घेताना झालेली बारीकशी चूकही छेदबिंदू फार लांब नेऊन ठेवते. म्हणून पडताळ्याला तिसरा दिवा. एकाच दिव्यावर विसंबणारा खलाशी कच्चा समजतात. याचा अर्थ काय लावायचा, तो तुझा प्रांत.

दिवा किती लांबून दिसेल याचं गणित तुला आवडेल. दिवा समुद्रापासून 36 मीटर उंच, बघणाऱ्याचे डोळे 4 मीटरवर. वर्गमुळं 6 आणि 2, बेरीज 8, तिला 2.08 या ठरलेल्या आकड्यानं गुणलं की साधारण 16.6 सागरी मैल. दिव्यात तेवढा जोर हवा आणि हवा स्वच्छ हवी, हे धरून. म्हणजे बघणारा डोलकाठीवर चढला तर तोच दिवा आधी दिसतो. मात्र दिवा स्वतः फार उंच असून चालत नाही. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या बीची हेडच्या कड्यावर 1834 मध्ये लावलेला बेल टूटचा दिवा धुक्यात वारंवार झाकला जायचा. शेवटी 1902 मध्ये कड्याच्या पायथ्याशी, समुद्रातच नवा स्तंभ बांधून दिवा खाली आणला.

'दिवा उघडझाप करतो' असंही म्हणू नकोस. फिरत्या भिंगाच्या दिव्यात ज्योत अखंड असते, भिंग तिच्याभोवती फिरतं. चार झोतांचं भिंग 20 सेकंदांत एक फेरी घेत असेल, तर आपल्याला दर 5 सेकंदांनी झोत दिसतो. ही भिंगं फ्रेनेल या फ्रेंच अभियंत्याची, पहिलं 1823 मध्ये कोर्दुआँच्या दीपस्तंभावर बसलं. मधलं भिंग प्रकाश सरळ करतं. वरखालची लोलकांची कडी आकाशात आणि पायथ्याशी वाया जाणारा उजेड वळवून क्षितिजाकडे पाठवतात. काही टनांचं हे ओझं पाऱ्याच्या कुंडात तरंगत ठेवत, म्हणून बोटानं ढकललं तरी फिरे (पाऱ्याची वाफ विषारी, हे वेगळंच). वात नीट कातरली नाही की काचेवर काजळी, मग ज्योत कितीही मोठी असो. दिवसा भिंगावर पडदे ओढावे लागत, नाहीतर ऊन उलटं आत येऊन दिव्यापाशी एकवटे आणि आग लागायची भीती.

आता एडिस्टोनचा इतिहास, तो जरूर सांग. 1698 चा पहिला दिवा 1703 च्या वादळात बांधणाऱ्या विन्स्टनलीसकट वाहून गेला. दुसरा लाकडी होता, 1755 मध्ये जळाला. 1759 मध्ये स्मीटन या अभियंत्यानं तिसरा बांधताना दगड एकमेकांत खाचांनी अडकवले आणि पाण्यातही घट्ट होणारा चुना वापरला. उजेड म्हणशील तर 24 मेणबत्त्यांचा! तो शतकभर उभा राहिला. मग का काढला? स्तंभ शाबूत होता, पण खालचा खडक लाटांनी पोखरला गेला होता; मोठी लाट आदळली की स्तंभ हादरायचा. 1882 मध्ये शेजारच्या खडकावर नवा दिवा लागला, जुन्याचा वरचा भाग उतरवून इथे प्लिमथच्या किनाऱ्यावर उभा केला. बुंधा अजून समुद्रातच आहे. निष्ठा पक्की पण पाया तपासलेला नाही, यावर बोलायचं असेल तर हा दाखला घे.

श्रोत्यांना लय दाखवायची असेल, तर एडिस्टोनसाठी लागोपाठ दोन टाळ्या वाजव. पहिल्या टाळीपासून मोजून दहाव्या सेकंदाला पुन्हा दोन.

तुझा भाचा