फाइल कुणी आणून दिली आणि ती कुणाची आहे

महोदय,

बनावट शासन निर्णय आणि परिपत्रके व्हॉट्सॲपवर फिरू लागली की दर वेळी ठरावीक खुलासा येतो, की नागरिकांनी केवळ अधिकृत संकेतस्थळावरील कागदपत्रांवरच विश्वास ठेवावा. हा सल्ला चुकीचा नसला तरी अपुरा आहे. लोक संकेतस्थळावर जात नाहीत; त्यांना फाइल शेजारच्याकडून, गटातून, नात्यातल्या कुणाकडून मिळते, आणि हे काही थांबणारे नाही. म्हणून अनोळखी हातांतून फिरलेल्या फाइलवर विश्वास कसा ठेवायचा, या प्रश्नाशी पंचवीस वर्षे झगडलेल्या मंडळींकडून काही घेण्यासारखे आहे, असे मला वाटते. ही मंडळी म्हणजे विकेंद्रित फाइल-वाटपाच्या प्रणाली घडवणारे लोक. त्यांच्या कामाला चोरीच्या सिनेमांची बदनामी चिकटली आहे आणि ती पूर्णपणे निराधारही नाही, पण त्यापायी त्यांनी काय सोडवले आणि काय त्यांना सुटले नाही, याकडे आपले दुर्लक्ष झाले.

१९९९ साली आलेल्या नॅपस्टर या गाणी वाटून घेण्याच्या सेवेत गाणी लोकांच्या संगणकांवर असत, पण कुठले गाणे कुणाकडे आहे याची यादी कंपनीच्या सर्व्हरवर असे. न्यायालयाचा आदेश आल्यावर २००१ मध्ये ती सेवा बंद पडली. त्याच वर्षी ब्रॅम कोहेन यांनी बिटटोरेंट आणले. त्यात फाइलचे तुकडे केले जातात आणि प्रत्येक तुकड्याचा हॅश, म्हणजे त्यातील मजकुरावरून गणिताने काढलेला ठसा, मूळ टोरेंट फाइलमध्ये, म्हणजे तुकड्यांची माहिती देणाऱ्या छोट्या फाइलमध्ये, आधीच नोंदलेला असतो. तुकडा जगातल्या कुठल्याही अनोळखी माणसाकडून येवो, आपला संगणक त्याचा ठसा काढून नोंदीशी ताडून पाहतो आणि जुळला नाही तर तो तुकडा टाकून देऊन पुन्हा मागवतो. देणारा सज्जन आहे की लबाड, हे ठरवण्याची गरजच उरत नाही.

ही काटेकोरी किती मोलाची आहे, हे त्याच काळातल्या काझा या फाइल-वाटपाच्या प्रोग्रामकडे पाहिल्यावर कळते. तिथे वेग वाढवण्यासाठी मोठ्या फाइलचे मधले मधले मोजके भागच तपासले जात, त्यामुळे न तपासलेल्या भागात खाडाखोड केली तरी ठसा तोच राही. शिवाय तिथे सदस्याची पत दाखवणारा आकडा त्याच्या स्वतःच्याच संगणकावर मोजला जाई. साहजिकच काझा लाइट नावाची आवृत्ती निघाली आणि ती वापरणारा प्रत्येक जण स्वतःची पत थेट १०००, म्हणजे सर्वोच्च, असल्याचे सांगू लागला. संगीत कंपन्यांसाठी काम करणाऱ्यांनी मुद्दाम बिघडवलेली गाणी काझावर सोडली, आणि २००५ साली ब्रुकलिनच्या संशोधकांना अनेक लोकप्रिय गाण्यांच्या निम्म्याहून अधिक प्रती दूषित आढळल्या.

पत इतरांनी ठरवावी, हा त्यावरचा उपाय. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २००३ मध्ये ‘आयगनट्रस्ट’ ही पद्धत मांडली, ज्यात विश्वासू सदस्यांच्या मताला अधिक वजन मिळते. मात्र तिलाही सुरुवातीला काही आधीपासून विश्वासू मानलेले सदस्य गृहीत धरावे लागतात. मायक्रोसॉफ्टमधील जॉन डूसर यांनी त्याआधीच, २००२ साली, दाखवून दिले होते की ओळख तपासणारी मध्यवर्ती यंत्रणा नसेल तर एकच माणूस हवी तितकी खोटी खाती उघडून बहुमत तयार करू शकतो. ऑनलाइन दुकानांतल्या तारांकित अभिप्रायांवर भिस्त ठेवणाऱ्यांना हे निराळे समजावून सांगायला नको.

आता ‘अधिकृत संकेतस्थळा’कडे वळू. २० फेब्रुवारी २०१६ रोजी लिनक्स मिंट या संगणक प्रणालीचे संकेतस्थळ हॅकरांनी ताब्यात घेतले आणि डाउनलोडचा दुवा चोरवाट असलेल्या प्रतीकडे वळवला. त्या दिवशी अधिकृत पानावरून ती आवृत्ती उतरवणारे फसले. टोरेंटने घेणाऱ्यांना धोका नसल्याचे निर्मात्यांनीच जाहीर केले. याचा अर्थ टोरेंट सुरक्षित, असा मात्र कुणी काढू नये. पुढच्याच महिन्यात ट्रान्समिशन या टोरेंट वापरण्याच्या मॅकवरील प्रोग्रामच्या अधिकृत संकेतस्थळावर खंडणीखोर व्हायरस असलेली प्रत ठेवली गेली, आणि तिच्यावर ॲपलने मान्य केलेल्या, पण भलत्याच विकासकाच्या प्रमाणपत्राची वैध सही होती. ठसा जुळला म्हणजे वाटेत कुणी हात लावला नाही एवढेच कळते. डबा सीलबंद आहे म्हणून आतला माल चांगला ठरत नाही. सील कुणाचे, हे वेगळ्या मार्गाने कळावे लागते, आणि ज्या पानावर फाइल आहे त्याच पानावर तिचा ठसा छापला असेल तर पान ताब्यात घेणारा दोन्ही बदलू शकतो.

आपल्याकडे या दुसऱ्या भागाची, म्हणजे सील कुणाचे हे कळण्याची, तयारी बरीचशी झालेली आहे, हे विशेष. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० नुसार डिजिटल स्वाक्षरीला मान्यता आहे, आणि महाराष्ट्र शासनाच्या निर्णयांच्या शेवटी संगणक संकेतांक तसेच डिजिटल स्वाक्षरीने साक्षांकित केल्याचा उल्लेख असतो. अडचण वापरणाऱ्याच्या बाजूला आहे. ई-आधारची पीडीएफ संगणकावर उघडली की सहीच्या चौकटीत बहुधा पिवळे प्रश्नचिन्ह दिसते, कारण त्या सहीमागचे प्रमाणपत्र पीडीएफ वाचणाऱ्या प्रोग्रामच्या विश्वासू यादीत आपोआप धरले जात नाही. चौकटीवर क्लिक करत, चार खिडक्या ओलांडत, प्रमाणपत्राला स्वतः मान्यता द्यावी, तेव्हा कुठे हिरवी खूण येते. मोबाइलवरच्या बहुतेक ॲपमध्ये तर तेवढीही सोय नाही. आणि छापून, पुन्हा फोटो काढून फॉरवर्ड केलेल्या कागदाची सही तर वाटेतच गळून जाते, उरते ती सहीची नुसती आकृती, जी कुणालाही चिकटवता येते.

म्हणून शासनाच्या माहिती तंत्रज्ञान विभागाला विनंती आहे, की फोनवर आलेली पीडीएफ जशीच्या तशी निवडताच ‘ही शासनाची सही आहे, मजकूर बदललेला नाही’ किंवा ‘सही नाही’ असे स्वच्छ मराठीत सांगणारे एखादे साधे ॲप उपलब्ध करून द्यावे. ते इंटरनेटविना चालावे आणि त्याची संगणकीय संहिता खुली असावी. सहीची सार्वजनिक किल्लीही, म्हणजे सही खरी आहे का हे पडताळण्यासाठी सर्वांना खुला असलेला संकेत, एकाच संकेतस्थळावर न ठेवता राजपत्रात छापावी. वृत्तपत्रांनीही ‘व्हायरल’ परिपत्रकाची शहानिशा करताना केवळ अधिकाऱ्याची प्रतिक्रिया न देता सही तपासली का आणि कशी, हे बातमीत नोंदवावे.

कळावे.

आपला,
एक नियमित वाचक, ठाणे