वाड्यांचे नकाशे महापालिकेकडे जमा व्हावेत

महोदय,

इंटिरियर डिझाइन शिकणाऱ्या मुलामुलींचे प्रदर्शन नुकतेच पुण्यात पाहिले. शनिवार पेठेतल्या एका जुन्या दुचौकी (दोन चौकांच्या) वाड्याचे वाचनालय कसे करता येईल, असा एक प्रकल्प त्यात होता. येणारे-जाणारे रंगीत चित्रे पाहून पुढे सरकत होते. मी मात्र मोजमापांच्या नकाशांपाशी थांबलो. खणन् खण (दोन खांबांमधली जागा) मोजलेला, कोणती तुळई किती वाकली आहे, कोणत्या खांबाच्या तळाशी ओल चढली आहे, सगळ्याची नोंद. मांडणीही विचारपूर्वक केलेली. राहत्या खोलीची जमीन चौरस मीटरला साधारण २०० किलो भार धरून आखतात. पुस्तकांच्या साठ्याला निदान ६०० किलो धरावे लागतात. म्हणून पुस्तकांची कपाटे तळमजल्यावर आणि माडीवर फक्त वाचनाची बैठक. भिंतींना चुन्याचाच गिलावा सुचवला आहे, हे पाहून तर फार बरे वाटले. सिमेंटच्या गिलाव्याने मातीच्या भिंतीतली ओल कोंडते आणि आत दडलेला लाकडी खांब कुजत जातो. दुरुस्तीच्या नावाखाली कितीतरी वाड्यांत नेमके हेच झाले आहे.

वाड्याचा वापर बदलला की त्याचे वाड्यापण गेले, असे मानणाऱ्यांनी विश्रामबागवाडा आठवावा. दुसऱ्या बाजीरावाच्या या वाड्यात १८२१ मध्ये संस्कृत पाठशाळा सुरू झाली. १८७९ च्या आगीतून तो सावरला, पुढे तिथे नगरपालिकेची कचेरी आली, टपाल कार्यालय आले. माणसांचा राबता राहिला म्हणूनच तो आज उभा आहे, असे माझे ठाम मत आहे.

भिडे वाड्याच्या वाट्याला हे आले नाही. जिथे १८४८ मध्ये फुले दांपत्याने मुलींची शाळा काढली, ती मोडकळीला आलेली वास्तू डिसेंबर २०२३ मध्ये पाडली गेली. तिथे राष्ट्रीय स्मारक व्हायलाच हवे. पण ती मूळ वास्तू कशी होती, हे आता छायाचित्रे आणि कागदपत्रांवरूनच समजून घ्यावे लागणार.

म्हणूनच या विद्यार्थ्यांच्या नकाशांची मला काळजी वाटते. गुण मिळाले की ते गुंडाळून घरी जातात, काही वर्षांनी रद्दीत. महापालिकेच्या हेरिटेज विभागाने महाविद्यालयांकडून अशा प्रत्येक मोजणीची एक प्रत मागून घ्यावी, शिक्षकांकडून तपासून जपावी. एक प्रत वाडामालकालाही द्यावी; दुरुस्तीचा अंदाज काढायला त्याला पहिल्यांदा तीच लागेल. (राहत्या घराचा नकाशा इतरांना दाखवायचा तर मालकाची संमती हवीच.) यासाठी वेगळ्या निधीची वाट पाहण्याचे कारण नाही. नवे शैक्षणिक वर्ष सुरू होण्याआधी विभागाने महाविद्यालयांना तसे पत्र पाठवावे, ही विनंती.

– एक निवृत्त स्थापत्य अभियंता, सदाशिव पेठ, पुणे