वाशिष्ठी फक्त चिपळूणच्या पुलाखालून वाहत नाही, साहेब

मा. जलसंपदा मंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,

सप्रेम नमस्कार साहेब.

मी चिपळूणचा. बाजारपेठेत आमचं वह्यापुस्तकांचं दुकान आहे, बाबांच्या वेळेपासूनचं. दुकानाच्या आतल्या भिंतीवर दोन रेघा आहेत. एक २६ जुलै २००५ ची, बाबांनी खिळ्याने ओढलेली, आणि दुसरी २२ जुलै २०२१ ची, मी ओढलेली, ती बाबांच्या रेघेपेक्षा हातभर वर आहे. तुमच्या खात्याच्या नकाशावरही आमच्या गावातून दोन रेषा गेल्यात, २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी आणि १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल. त्या रेषांमुळे बांधकामाच्या परवानग्या अडकतात, आणि खरं तर मी त्याबद्दलच लिहायला बसलो होतो, पण लिहिता लिहिता असं वाटायला लागलं की आधी आमच्या वाशिष्ठी नदीबद्दल बोलायला पाहिजे, कारण रेषा ओढताना सगळे गावाकडे बघतात आणि नदी कुठून येते, कशी येते, कुठे जाऊन अडते हे कोणी बघतच नाही.

चिपळूण म्हणजे घाटाच्या पायथ्याचं गाव. मागे सह्याद्री भिंतीसारखा उभा, पुढे खाडी. डोंगराच्या त्याच धारेवर पलीकडे पडलेलं पाणी कोयनेतून कऱ्हाडला कृष्णेला मिळतं आणि शेकडो मैल फिरून बंगालच्या उपसागरात जातं. आमच्या वाशिष्ठीला एवढी सवड कुठे? तिवऱ्याच्या डोंगरात ती उगवते, धाडधाड खाली येते, पऱ्ये वहाळ गोळा करत सपाटीला लागते न लागते तोच समोरून भरती येते. समुद्र अजून ४० किलोमीटर लांब दाभोळला, पण भरतीचं पाणी पार गोवळकोटपर्यंत चढतं, आणि बाजारपेठेच्या अंगाला शिवनदी येऊन मिळते तिलाही मग जायला जागा राहत नाही. वर घाटात पोफळी कुंभार्लीला पाऊस कोसळतोय, इकडे उधाण आहे, मधे आम्ही. अडचण काय आहे ते एवढ्यात आलं बघा.

त्यात माणसाने भर घातली ती कोयनेची. १९६२ पासून शिवसागराचं, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयाचं, पाणी डोंगरातल्या बोगद्यांतून पोफळीला खाली येतं, वीज करतं, मग कोळकेवाडी धरण, अलोऱ्याचं वीजघर आणि तिथून वाशिष्ठीत. वर्षाला ६७.५ टीएमसी, म्हणजे साडेसदुसष्ट अब्ज घनफूट, पाणी असं पूर्वेचं पश्चिमेला येतं. म्हणजे जी नदी पूर्वी फाल्गुन चैत्रात दगडगोट्यांतून झुळझुळ वाहायची ती आता मे महिन्यातही भरलेली असते. कोयनेचे सगळे टप्पे मिळून १९६० मेगावॅट, महाराष्ट्राच्या घराघरात ती वीज गेली, याचा आम्हाला अभिमानच आहे, माझे मामा पोफळीलाच नोकरीला होते. पण हे सगळं पाणी पोटात घेणारी नदी केवढी आहे हे एकदा येऊन बघा.

आणि ती पूर्वी केवढी होती तेही कळायला पाहिजे. गोवळकोटला बंदर होतं साहेब. बाबा सांगतात की त्यांच्या लहानपणी मंगळुरी कौलं घेऊन गलबतं धक्क्याला लागायची. त्याच्या कितीतरी आधी, घाटावरचा माल बैलांच्या पाठीवरून कुंभार्ली उतरून चिपळूणला यायचा आणि इथून खाडीने दाभोळला. दाभोळ तर बहामनींच्या काळापासूनचं मोठं बंदर, अफनासी निकितिन नावाचा रशियन व्यापारी पंधराव्या शतकात हिंदुस्थान फिरून परत जाताना तिथूनच जहाजात बसला, आणि १५०८ च्या डिसेंबरात पोर्तुगीजांनी ते जाळलं. खाडीच्या तोंडावर अंजनवेलचा किल्ला आणि आत गोवळकोटचा गोविंदगड, असे दोन पहारेकरी. सिद्दी, आंग्रे, पेशवे या खाडीसाठी भांडले ते उगाच नाही, पाणी खोल होतं म्हणून भांडले. आज ओहोटीला गोविंदगडावरून खाली बघितलं की नदीच्या मधोमध जुवाडं दिसतात, गाळाची बेटं, त्यावर झाडं वाढलीत, गुरं चरतात.

हा गाळ आला कुठून? डोंगरातून. खाजगी जंगलं दरवर्षी तुटतात, ट्रक भरभरून लाकूड खाली जातं, नवीन रस्ते कापताना निघालेली माती तशीच उतारावर ढकलतात, आणि आमच्याकडे वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तो ती माती धुऊन थेट आमच्या पुलाखाली आणून टाकतो. २ जुलै २०१९ च्या रात्री तिवऱ्याचं धरण फुटलं, वीसपेक्षा जास्त माणसं गेली, भेंदवाडीची घरं वाहून गेली. त्या गावाचं दुःख मी माझ्या दुकानाच्या शेजारी मांडणार नाही, ते फार मोठं आहे. पण तो ओढा आणि माझ्या दुकानात शिरलेलं पाणी एकाच नदीचं, हे मला विसरता येत नाही.

२०२१ च्या रात्रीचं थोडंसं सांगतो. रात्रभर पाऊस. पहाटे शेजाऱ्यांनी दार वाजवलं तेव्हा पाणी उंबऱ्यावर होतं, तासाभरात कमरेला. बाबा पंचाहत्तरीचे, त्यांना उचलून माळ्यावर नेलं आणि दिवसभर तिथे बसलो, फोन बंद, लाईट नाही, खालून फळ्या फुटल्याचे आवाज. एसटीच्या आगारातली माणसं रोकड घेऊन बसच्या टपावर बसली होती असं नंतर कळलं. १८६४ पासूनचं आमचं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर २००५ ला बुडालं होतं, ते परत बुडालं. माझ्या दुकानातल्या वह्यांचा लगदा मी फावड्याने काढला, त्याचं काही नाही, वह्या परत येतात. पण त्या रात्री वर पोफळीला किती पाऊस पडतोय, कोळकेवाडीतून किती पाणी सुटतंय आणि भरती किती वाजता आहे, या तीन गोष्टी एकत्र करून आम्हाला कोणी सांगितल्या नाहीत. कोळकेवाडीच्या पाण्याने पूर वाढला की नाही यावर गावात अजून वाद चालतात, मी त्यात पडत नाही. माझं एवढंच म्हणणं आहे की हे आकडे वेगवेगळ्या टेबलांवर असतात आणि पाणी मात्र एकाच वेळी येतं.

त्या डिसेंबरात गावातली माणसं साखळी उपोषणाला बसली, व्यापारी, मास्तर, डॉक्टर, घरातल्या बायका, सगळे, मीपण दोन दिवस होतो. त्यानंतर गाळ काढायचं काम सुरू झालं, नाम फाउंडेशननेही हात लावला, शिवनदीतला आणि वाशिष्ठीतला पुष्कळ गाळ निघाला आणि त्याचा फरक आम्हाला दिसला, त्याबद्दल मनापासून आभार. पण गाळ दरवर्षी येतो. एकदा काढून भागत नाही आणि नुसता शहरापुरता काढूनही भागत नाही, खाली जुवाडं तशीच राहिली तर वरून मोकळं केलेलं पाणी तिथे जाऊन थोपणारच.

म्हणून माझी मागणी एकच आहे, वाशिष्ठीसाठी एक जबाबदार अधिकारी द्या, ज्याच्याकडे कोयनेच्या अवजलापासून, म्हणजे वीज करून सोडलेल्या पाण्यापासून, दाभोळच्या तोंडापर्यंत सगळी नदी असेल. आज वरचं पाणी एकाकडे, जंगल दुसऱ्याकडे, पात्र तिसऱ्याकडे, गटारं नगरपरिषदेकडे आणि खाडी अजून कोणाकडे. त्या माणसाने दर पावसाळ्यानंतर पात्र मोजावं, कुठे किती भरलं ते गावात बोर्डावर लावावं, आणि पावसाळ्यात पाऊस, विसर्ग, भरती हे तिन्ही आकडे एका मेसेजमध्ये मराठीत आमच्या फोनवर पाठवावेत, रात्री दोन वाजतासुद्धा. पूररेषा मग परत ओढा, मोकळ्या केलेल्या पात्रावर ओढा, आम्ही ऐकू.

अजून एक. हे ६७.५ टीएमसी पाणी समुद्राला वाया जातं, ते मुंबईला न्यावं अशी चर्चा अधूनमधून होते. मुंबईला तहान आहे हे मला कळतं, माझी बहीण डोंबिवलीला राहते. पण ते वाया जातंच असं नाही साहेब. त्या गोड पाण्यावर आता साठ वर्षांत खाडीची एक घडी बसलीय, त्यावर भोई, दालदी, खारवी यांची मासेमारी चालते, मालदोलीला लोक होडीतून मगरी बघायला येतात. आणि आमच्याच तालुक्यातल्या डोंगरातल्या धनगरवाड्यांना मे महिन्यात टँकर लागतो. त्यांच्या घागरी भरल्याशिवाय पाईपलाईनचा नकाशा काढू नका, एवढं वचन द्या.

तुम्ही पुराच्या वेळी येता तेव्हा सगळीकडे चिखल असतो आणि तुम्हाला घाई असते. त्यापेक्षा मे महिन्यात या, ओहोटी बघून. गोवळकोटच्या धक्क्यावरून होडीत बसू, जिथे होडी टेकेल तिथे उतरू आणि मग चालत पेठमाप, बाजारपूल, बहादूरशेख नाका, खेर्डी करत वर पोफळीकडे जाऊ. बाबा येणार म्हणतात, त्यांना गलबतं कुठे लागायची ती जागा तुम्हाला दाखवायचीय.

आपला,
चिपळूण बाजारपेठेतला एक दुकानदार