बेथानीला पोचण्याआधीचे दोन दिवस

वसई, १२ फेब्रुवारी

लाडक्या लेकी,

काल लूर्द मातेचा सण झाला. चर्चमधल्या मिस्सानंतर फादरांनी आजाऱ्यांना पवित्र तेल लावलं, मम्मीही रांगेत उभी होती. बाहेर आल्यावर शेजारणींनी तिचे हात धरले, "चमत्कारच झाला गं" म्हणाल्या. मला तुझा रविवारचा फोन आठवला. "ऑपरेशन झालं, केमो झाली, म्हणून मम्मी बरी झाली. यात चमत्कार कुठला, पप्पा? आणि असलाच, तर आजीच्या वेळी देव कुठे होता?" मी गप्प बसलो. रागावलो नव्हतो, बाळा. घाईत काहीतरी बोलून जाईन, याची भीती वाटली.

मम्मी औषधांनी बरी झाली, हे तुझं खरं आहे. मी रोज देवाचे आभार मानतो, त्या डॉक्टरीण बाईंसाठीही प्रार्थना करतो, पण याला चमत्कार म्हणत नाही. खोटी साक्ष देऊ नको, ही आज्ञा देवाच्या बाजूने बोलतानाही लागू आहे, असं मी मानतो.

आता पुराव्याचं. तू मेडिकलला आहेस, म्हणून हे तुला मुद्दाम सांगतो. फ्रान्समधल्या लूर्द गावी १८५८ साली चौदा वर्षांच्या बर्नादेतला पवित्र मारियेचं दर्शन झालं, हे तू लहानपणीच ऐकलंस. तिथे १८८३ पासून डॉक्टरांचं कार्यालय आहे, हे मात्र मी तुला कधी सांगितलं नाही. कुठल्याही धर्माच्या, किंवा धर्म न मानणाऱ्या डॉक्टरला तिथे बसून कागद तपासता येतात. आजार गंभीर होता का, निदान पक्कं होतं का, बरं होणं अचानक आणि पूर्ण होतं का, ते टिकलं का, उपचारांनी झालं असेल का, हे सगळं विचारतात. मम्मीची फाईल या शेवटच्या प्रश्नावरच परत आली असती. बरं झाल्याच्या सात हजारांहून अधिक नोंदी तिथे आहेत. चर्चने चमत्कार म्हटलं ते फक्त ७२ प्रकरणांना.

त्यातला जॅक ट्रेनर माझ्या मनातून जात नाही. लिव्हरपूलचा हा सैनिक १९१५ साली गॅलिपोलीत गोळ्या लागून जायबंदी झाला. उजवा हात लुळा पडला, फिट्स येऊ लागल्या. १९२३ साली तो यात्रेकरूंबरोबर लूर्दला गेला आणि बरा होऊन परत आला. पुढे त्याने कोळशाचा धंदा केला, पोती स्वतः उचलायचा. सरकारने मात्र त्याचं अपंगत्वाचं पेन्शन मरेपर्यंत चालू ठेवलं! त्याचे जुने कागद शंभर वर्षांनी एका डॉक्टरने पुन्हा तपासले, आणि डिसेंबर २०२४ मध्ये लिव्हरपूलच्या आर्चबिशपांनी चमत्कार जाहीर केला. म्हणजे १०१ वर्षांनी. तोवर ट्रेनरला जाऊन ऐंशी वर्षं उलटली होती.

तरी "वैद्यकशास्त्राला उलगडत नाही" आणि "देवाने केलं" यांत एक पाऊल उरतंच. डॉक्टर पहिलं सांगून थांबतात, दुसरं बिशप सांगतात. ते पाऊल मी श्रद्धेने टाकतो, आणि आपण ते टाकतोय हे मला ठाऊक असतं. तू अजून टाकत नसशील तर मी तुला ओढणार नाही.

आणि बर्नादेत? जिच्या हातांनी लूर्दचा झरा उकरला, ती क्षयाने पस्तिसाव्या वर्षी गेली.

इथे आजीचा प्रश्न येतो. तिच्यासाठी आपण नऊ दिवस नोव्हेनाची प्रार्थना केली, दहाव्या दिवशी ती गेली. दफनभूमीत तू रडत होतीस आणि मी तुला म्हणालो, "देवाची वेळ असते." ते वाक्य मी परत घेतो. मला माफ कर. स्वतःच्या आयुष्याकडे मागे वळून बघताना माणसाने ते म्हणावं. समोर माती लोटली जात असताना दुसऱ्याला ऐकवू नये.

योहानाच्या शुभवर्तमानातला अकरावा अध्याय मी तेव्हापासून कितीदा वाचला. बेथानी गावचा मित्र लाझरस आजारी आहे असा निरोप येतो, आणि येशू आहे तिथेच आणखी दोन दिवस राहतो. पोचतो तेव्हा लाझरसला कबरेत ठेवून चार दिवस झालेले. मार्था म्हणते, तुम्ही इथे असता तर माझा भाऊ गेला नसता. मग तिची बहीण मरिया येते, तीही तेच म्हणते. तुझाच प्रश्न, बाळा. येशू दोघींपैकी एकीलाही गप्प करत नाही. पुढे लाझरसला जिवंत करायचंय हे त्याला माहीत आहे, तरी तो रडतो. ते दोन दिवस तो का थांबला, याबद्दल शिष्यांना त्याने जे सांगितलं, की तुमचा विश्वास बसावा म्हणून मी तिथे नव्हतो ते बरं झालं, ते मला आजही जड जातं. त्याचं रडणं मात्र कळतं, आणि मी त्याला धरून आहे.

थोमा या शिष्याचीही आठवण ठेव. बाकीच्यांनी मरणातून उठलेल्या प्रभूला पाहिलं होतं, याने नाही. आठ दिवस तो शंका घेऊन त्याच मित्रांत राहिला, कुणी त्याला बाहेर काढलं नाही. म्हणून ईस्टरला घरी ये. मिस्साला आलीस तर आनंद, नाही आलीस तरी जेवायला आपण सगळे एकत्रच बसू.

मम्मीची पुढची तपासणी मार्चमध्ये आहे. रिपोर्टची प्रत तुला पाठवतो. नीट बघ, आणि त्यात जे असेल तेच मला सांग.

तुझा,
पप्पा