वेल्शपूलच्या अडीच फुटी रुळांवरून एक आभारपत्र

आदरणीय गार्डसाहेब,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र मराठीत का लिहिले आहे, ते तुम्हाला ठाऊकच आहे. मागच्या हंगामाच्या शेवटच्या शनिवारी, वेल्समधल्या वेल्शपूल ते लानव्हायर या आपल्या वाफेच्या छोट्या गाडीच्या लानव्हायर स्थानकात, फलाटावर मी इंग्रजीत आभाराचे चार शब्द कसेबसे पुटपुटले, तेव्हा तुम्ही म्हणालात की आजोबांच्या गोष्टी ज्या भाषेत ऐकल्या त्याच भाषेत लिहून आण आणि गाडीत बसून मला वाचून दाखव, अर्थ मी नंतर विचारीन. तुमच्याआधी ते काही मराठी वाचकांच्याही हाती जात आहे, याबद्दल क्षमा असावी. पण त्यांतल्या एखाद्याचे आजोळ कुर्डुवाडी-बार्शीकडचे निघाले, तर त्याला हे सारे माझ्याइतकेच जवळचे वाटेल.

नोकरीनिमित्त इंग्लंडमधल्या श्रूजबरीला राहायला आल्यावर पहिल्याच उन्हाळ्यात मुलाला वाफेचे इंजिन दाखवावे एवढ्याच हेतूने मी वेल्शपूलला आले होते. गाडीला ‘काउंटेस’ हे इंजिन होते आणि आम्हाला ऑस्ट्रियाहून आलेल्या, दोन्ही टोकांना उघडा सज्जा असलेल्या डब्यात जागा मिळाली होती. वेल्शपूलचे रेव्हन स्क्वेअर स्थानक सुटले की लगेचच गोल्फा नावाची चढण लागते, दर २९ फुटांमागे १ फूट, आणि तीही मैलभर. त्या चढणीवर इंजिनाचा धापा टाकण्याचा जो आवाज आला, तो मी पूर्वी कधीही प्रत्यक्ष ऐकलेला नसूनही ओळखीचा वाटला, कारण आजोबा तो तोंडाने काढून दाखवत असत. लानव्हायरला उतरल्यावर मुलगा इंजिनाकडे धावला आणि मी स्थानकाच्या टोकाशी, लोकांना रूळ ओलांडता यावेत म्हणून फळ्या टाकलेल्या आहेत तिथे, उकिडवी बसून दोन रुळांमधले अंतर वितीने मोजू लागले. तुम्ही मागे येऊन उभे राहिलात. रुळांवरून ऊठ असे दटावणे तुमच्या कामातच बसले असते. त्याऐवजी तुम्ही काय मोजतेस असे विचारलेत, आणि मी अवघडून सांगितले की आमच्या गावाकडे अशीच गाडी होती, अडीच फुटी, बार्शी लाईट. त्यावर तुम्ही क्षणभरही न थांबता उच्चारलेले नाव होते कॅलथ्रॉप!

आमच्याकडे सोलापूर जिल्ह्यातसुद्धा ते नाव आज फार थोड्यांना माहीत असेल. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याने १८९७ साली बार्शी रोड, म्हणजे आजची कुर्डुवाडी, ते बार्शी ही लाईन सुरू केली. कोणत्याही आसावर पाच टनांहून अधिक भार पडू द्यायचा नाही आणि सारी गाडी त्याच हिशेबाने घडवायची, हे त्याचे सूत्र होते, म्हणूनच हलक्या रुळांवरून जड माल आणि तुडुंब भरलेले वारकरी नेता आले. पुढे ती लाईन पंढरपूर, लातूर आणि १९२७ पर्यंत मिरजेला पोहोचली. हे एवढे आजोबांकडून ऐकले होते. बार्शीवर पारखलेली तीच पद्धत कॅलथ्रॉपने १९०४ मध्ये स्टॅफर्डशायरच्या मॅनिफोल्ड खोऱ्यातल्या लाईनसाठी वापरली, ती अवघ्या तीस वर्षांत बंद पडली आणि तिच्या जागी आज लोक सायकली चालवतात, हे मात्र मला तुमच्याकडून कळले. (उत्तरायुष्यात तो गृहस्थ हवाई छत्र्या बनवण्याच्या मागे लागला, हेही तुम्हीच सांगितलेत, मला ते अजून थट्टाच वाटते.) मग तुम्ही शेडमधून गेज मोजायची लोखंडी पट्टी आणून रुळांवर ठेवलीत आणि माझ्या मुलाला वाचायला लावलेत: दोन फूट सहा इंच. हे डबे जिथून आले त्या ऑस्ट्रियात हेच अंतर ७६० मिलिमीटर धरतात आणि इथे ते ७६२ भरते, दोन मिलिमीटरचा हा फरक रूळ आणि चाके दोघेही निमूटपणे सोसतात, असे तुम्ही त्याला समजावलेत. सिएरा लिओनचे इंजिन, हंगेरीचे डबे, अँटिग्वाच्या उसाच्या मळ्यातली ‘जोन’ ही सारी मंडळी या एका मापाच्या नात्याने वेल्सच्या या खोऱ्यात येऊन स्थिरावली आहेत, हे ऐकताना या गोतावळ्यात आमचीही जागा आहे असे मला पहिल्यांदा वाटले.

तिकीट काढून आलेल्या प्रवाशाला तुम्ही एवढे सांगितलेत, तेवढ्यानेही मी ऋणी राहिले असते. परंतु निघताना तुम्ही मला स्वयंसेवकांचा अर्ज दिलात, आणि खरे आभार त्या कागदाचे आहेत. आमच्याकडची छोटी गाडी या शतकाच्या आरंभीच्या काही वर्षांत टप्प्याटप्प्याने ब्रॉडगेज झाली. त्याबद्दल माझी तक्रार नाही. लातूरच्या माणसाला थेट मुंबई गाठता यावी, यापुढे आमच्या आठवणींचे मोल ते काय? तरीही अशी गाडी आता फोटोत किंवा स्थानकाबाहेरच्या चौथऱ्यावर रंग लावून उभी केलेलीच पाहायची, अशी मी मनाची समजूत घातली होती. ती तुम्ही मोडलीत, आणि तीही भाषण न करता, हातात कोयता देऊन.

पहिले चार शनिवार मी वाटेतल्या सिल्फेन स्थानकाच्या अलीकडे रुळांकडेची काटेरी झुडपे तोडली आणि स्लीपरखाली खडी ठोकली. खरे सांगायचे तर मी कंटाळले होते. इंजिनाच्या जवळही कुणी फिरकू देत नव्हते, आणि माझ्या शेजारी खडी ठोकणारे निवृत्त शिक्षक चाळीस वर्षे हेच करत आले आहेत असे कळल्यावर तर माझा धीरच सुटला. त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तुम्ही मला बॅनवी नदीच्या पुलाशी नेलेत. १९०३ साली ही लाईन इथल्या शेतकऱ्यांच्या गुराढोरांसाठी आणि बाजारहाटासाठी सुरू झाली, १९३१ मध्ये प्रवासी गाड्या थांबल्या, १९५६ मध्ये मालगाड्याही, आणि १९६३ मध्ये हौशी माणसांनी ती पुन्हा चालू केली, हा इतिहास फलकावरही आहे. मात्र चालू करून दोन वर्षेही झाली नव्हती तोच डिसेंबर १९६४ च्या पुराने या पुलाचा खांब खचवला, तेव्हा पदरी पैसा नसलेल्या त्या मंडळींनी वर्गणी कशी जमवली आणि लष्कराच्या अभियंत्यांनी पूल कसा उभा केला, ते तुम्ही खांबाकडे बोट दाखवत सांगितलेत. पाचव्या शनिवारी मी स्वतःहून फावडे मागितले.

पुढे शेडमध्ये पहाटे राख उपसण्याचे, धुरकोठी झाडण्याचे आणि पितळ घासण्याचे काम मिळाले. गार बॉयलरमध्ये लाकडे पेटवल्यापासून गाडी ओढण्याइतकी वाफ धरेपर्यंत किती तास जातात, आणि घाई केली तर पोलादाला ताण पडून बॉयलरच कसा दुखावतो, हे तिथे समजले. आजोबा कुर्डुवाडीच्या कारखान्यात फिटर होते आणि भल्या पहाटे घराबाहेर पडत. आजी त्यावरून आयुष्यभर कुरकुरली. तिला सांगायला हवे होते.

आता त्या सप्टेंबरमधल्या प्रसंगाविषयी, ज्याचा तुम्ही नंतर कधीही उल्लेख केला नाहीत. तुमच्या हाताखाली गार्डचे काम शिकत असताना परतीच्या गाडीच्या शेवटच्या डब्याचा हातब्रेक मी सैल करायला विसरले आणि तसे विचारल्यावर ‘सोडला’ असे सांगूनही मोकळी झाले. गाडी फलाटावरून हलली तेव्हा चाकांची घरघर तुम्ही माझ्याआधी ऐकलीत, दोन पावलांत ब्रेकच्या चाकाशी पोहोचलात, तो सोडलात, आणि पुढच्या थांब्यावर खाली उतरून चाके घासून सपाट झाली नाहीत ना, हे पाहिलेत. मी रडवेली झाले होते. तुम्ही मला वही दिलीत आणि काय झाले ते वेळेसह, माझ्याच अक्षरात, कारणे न देता लिहायला सांगितलेत. त्यानंतर आजवर मी हिरवा झेंडा उचलण्यापूर्वी त्या चाकाला हात लावल्याशिवाय राहिलेले नाही; आठवणीवर विसंबायचे नाही, हाताला विचारायचे, ही तुमची शिकवण मी आता इस्पितळातल्या माझ्या नोकरीतही पाळते.

तुमच्या वेल्श भाषेतला, जीभ टाळूला टेकवून दोन्ही बाजूंनी वारा सोडण्याचा ‘ल’ मला अजून जमत नाही आणि तुम्हाला आमचा ‘ळ’ जमत नाही, तेव्हा त्या बाबतीत आपला हिशेब चुकता आहे. बाकीचा चुकता होण्यासारखा नाही. दिवाळीत गावी गेले असता आजोबांची तेलाची झारी घेऊन आले, तेव्हा ती संग्रहालयाच्या कपाटात ठेवा असे मीच म्हटले होते. तुम्ही ती हातात फिरवून पाहिलीत, लांब चोचीतून फुंकर मारलीत आणि तेल भरून थेट ‘काउंटेस’च्या चालकाच्या हाती दिलीत. ती तिथेच राहू द्यावी. फक्त टोपणाशी थोडी गळते असे चालक म्हणत होते, तर येत्या शनिवारी येताना चामड्याचे नवे वॉशर कापून आणते.

आपली नम्र,
शेवटच्या डब्यातली तुमची मदतनीस