मोटर बदलण्याआधी दाराच्या रबरातली वायर पाहा

संपादक महोदय,

आपल्या वाहनांच्या पानावर गेल्या आठवड्यात एका वाचकाने विचारलं होतं: जुन्या ट्रकच्या, चालकाच्या शेजारच्या दाराची काच बटण दाबल्यावर खाली जाते, पण वर येत नाही; दार उघडं असलं की मात्र कधीकधी येते. त्यावर एका ओळीचं उत्तर होतं, काच वरखाली करणारी मोटर संपली आहे, बदलून घ्या. ते वाचून मला गप्प बसवेना. तीन वर्षांपूर्वी हेच उत्तर मला मिळालं होतं. मी ते मानलं आणि एक धडधाकट मोटर काढून टाकायला लावली.

माझा ट्रक वडिलांचा. ते गेल्यापासून मी चालवते, रोपवाटिकेतली रोपं पोचवते. दोन्ही दारांना पॉवर विंडो आहेत, विजेची जोडणी 12 व्होल्टची. शेजारच्या दाराची काच अर्ध्यावर अडकली तेव्हा पावसाचे दिवस होते. सीट भिजून जड झाली होती. दुरुस्ती करणाऱ्याने दाराचं पॅड, म्हणजे आतलं आवरण, उघडलं, नवी मोटर बसवली, काच वर गेली. दोन दिवसांनी पुन्हा तेच. या वेळी तो म्हणाला, काच उचलणारी पूर्ण मशीनच बदलावी लागेल. तेव्हा मी थांबले आणि स्वतः शोधायचं ठरवलं.

त्या वाचकाच्या प्रश्नातच उत्तर आहे, ते असं. ही मोटर दोन वायरींवर चालते. एका वायरीला प्लस आणि दुसरीला अर्थ (म्हणजे बॅटरीच्या निगेटिव्हकडे परत जाणारी वाट) मिळाला की काच वर, उलट मिळालं की खाली. मोटर तीच, फिरण्याची दिशा फक्त बदलते. म्हणून जी मोटर काच खाली नेते ती मेलेली नसते. वर ओढताना काचेचं वजन असतं, थकलेली मोटर तिथे कुथते, मंद होते, हे खरं. पण कुथणं वेगळं आणि हालचालच नसणं वेगळं. हे ओळखायला काही उघडावंही लागत नाही. केबिनचा दिवा लावा, इंजिन बंद ठेवून चावी फिरवा आणि बटण दाबा. दिवा किंचित मंदावला तर करंट मोटरपर्यंत पोचतो आहे आणि अडचण मोटरमध्ये किंवा काचेच्या वाटेत आहे. दिवा ढिम्म राहिला तर करंट वाटेतच कुठेतरी तुटला आहे. माझ्या ट्रकचा दिवा ढिम्म होता.

फ्यूज दोन्ही दारांना एकच आणि माझ्या बाजूची काच नीट चालत होती, तेव्हा फ्यूज बाजूला पडला. मग एक गोष्ट लक्षात आली जी मी आधी कधी पाहिलीच नव्हती. शेजारच्या दाराच्या बटणाने काच निदान खाली तरी जात होती. माझ्या दारातल्या मुख्य स्विचने तीच काच ना वर जाई ना खाली. बऱ्याच जुन्या ट्रकमध्ये शेजारच्या मोटरचा अर्थ मुख्य स्विचमधून येतो. बटणं मोकळी असताना मोटरच्या दोन्ही वायरी तिथे अर्थला टेकलेल्या असतात. शेजारचं बटण दाबलं की एक वायर तिथून सुटून प्लसला लागते, दुसरी मात्र मुख्य स्विचमधूनच अर्थ घेत राहते. म्हणजे एका दारातून दुसऱ्या दारात जाणाऱ्या त्या दोन वायरींपैकी एक तुटली, तर शेजारच्या बटणाने एकच दिशा चालेल आणि मुख्य स्विचने एकही नाही. माझ्या ट्रकचं दुखणं तंतोतंत हेच होतं. कागदावर रेघा मारून मी हे तीनदा तपासलं.

आधी संशय मुख्य स्विचवर गेला. उघडला, आतले कॉन्टॅक्ट काळे पडले होते, साफ केले. फरक शून्य. (साफ करायला हवेच होते, तो वेळ वाया गेला असं मी म्हणणार नाही.) मग पॅड काढून मोटरचा प्लग सोडवला, व्होल्ट मोजणारं मीटर लावलं आणि काच वर नेणारं बटण दाबून धरलं. मीटरवर 12.3 व्होल्ट! वीज पोचते आहे, मग मोटरच खराब, असं कोणीही म्हणेल. दुरुस्ती करणाऱ्यानेही बहुधा हेच पाहिलं असावं. पण मीटर स्वतः करंट जवळजवळ ओढतच नाही. वायरीतल्या बारीक तारांपैकी एकच शिल्लक असली तरी ते पूर्ण व्होल्ट दाखवतं. मोटरला काच उचलताना काही अँपिअर लागतात आणि ते एका तारेतून जात नाहीत.

म्हणून मी मोटरच्या जागी हेडलाइटचा जुना 55 वॅटचा बल्ब जोडला. तो साडेचार अँपिअर तरी ओढतो. बटण दाबलं तर फिलामेंट नुसती लालसर झाली. बल्बचं एक टोक तसंच ठेवून दुसरं टोक लांब वायरीने थेट बॅटरीच्या निगेटिव्हला नेलं, तर बल्ब लख्ख. प्लस ठणठणीत होता, अर्थची वाट उपाशी होती. बल्ब पुन्हा पहिल्यासारखा जोडला आणि दार हळूहळू बंद करू लागले. अर्ध्यावर तो पूर्ण विझला. दार उघडं केलं तर क्षणभर भडकून पुन्हा लाल झाला. तो क्षण मी विसरणार नाही. दार आणि केबिन यांच्यामध्ये बिजागरीजवळ जी रबराची नळी असते, त्यातून सगळ्या वायरी जातात आणि दाराच्या प्रत्येक उघडझापीला तिथेच वाकतात. नळी मागे सरकवली. एका वायरीवरचं प्लास्टिक अखंड होतं, पण चिमटीत धरून ओढलं तर ते रबरासारखं लांबलं. आत तांबं तुटलेलं होतं. मोटर बसवताना दार पुरतं उघडलं गेलं, तुटलेली टोकं एकमेकांना टेकली आणि काच दोन दिवस चालली, एवढाच त्या नव्या मोटरचा प्रताप.

जोड देताना एक काळजी घ्यावी. वाकणाऱ्या जागी सोल्डर करू नये. सोल्डरने वायर ताठ होते आणि त्याच्या कडेला पुन्हा तुटते. मी तुटका तुकडा पूर्ण काढला, तेवढ्याच जाडीची बारीक तारांची लवचीक वायर घातली आणि दोन्ही जोड नळीच्या बाहेर, एक केबिनमध्ये आणि एक दारात ठेवले, वर गरम केल्यावर आकसणारी स्लीव्ह चढवली. नळीतल्या आणखी दोन वायरींचं प्लास्टिकही तडकलेलं दिसलं, त्याही बदलल्या. नंतर जुनी मोटर फ्यूज लावून थेट बॅटरीवर फिरवून पाहिली. दोन्ही दिशांना चालली. तीच परत बसवली, आज तीन वर्षं तीच काच उचलते आहे.

हे काम करू पाहणाऱ्यांना दोन धोके सांगायलाच हवेत. काच उचलणाऱ्या, कात्रीसारख्या हातांच्या मशीनला काचेचं वजन पेलायला दणकट स्प्रिंग असते. मोटर सोडवण्याआधी ते हात बोल्टने किंवा क्लॅम्पने जखडले नाहीत, तर मोटर निघताच हात उसळतो आणि बोटं तोडू शकतो. काचही टेपने चौकटीला घट्ट बांधून ठेवावी. दुसरं, फ्यूज उडतो म्हणून मोठा फ्यूज किंवा नुसती तार लावू नये. अडकलेली मोटर नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते आणि मग दारातली वायर जळते. आणि लहान मूल सोबत असेल तर चावी काढूनच खाली उतरा. जुन्या ट्रकचं बटण गुडघ्यानेही दबतं आणि वर येणारी काच मध्ये कोण आहे ते पाहून थांबत नाही.

काच मंद चालत असेल तर मोटरच्या आधी काचेच्या दोन्ही बाजूंचे रबरी खाचे ओल्या फडक्याने पुसावेत, वाळल्यावर सिलिकॉनचा फवारा मारावा. तेल किंवा ग्रीस नको, त्यात धूळ बसते आणि रबर फुगतं. पॅडखालचा प्लास्टिकचा पडदा परत चिकटवावा, नाहीतर पाणी आत येतं.

माझी आपल्याला विनंती आहे की या पानावर 'बदला' असं उत्तर देण्याआधी काय तपासायचं ते छापावं. दुरुस्ती करणाऱ्यांनीही काढलेला भाग मालकाच्या हाती द्यावा आणि तो का काढला, कशावरून काढला, हे बिलावर लिहावं. माझ्या हाती जुनी मोटर आली नसती तर ती चांगली होती हे मला कधीच कळलं नसतं.

आणि ज्या वाचकाने प्रश्न विचारला त्यांना सांगा, मोटर घेऊ नका. आज काच वर नेणारं बटण दाबून धरा, दुसऱ्या हाताने बिजागरीजवळची ती रबरी नळी हलवा, आणि काचेकडे पाहा.

आपली,
एक ट्रकचालक वाचक