दुसरी नळी

नागपूर,
तान्हा पोळा, दुपार

चि. सौ. राणीस बाबांचे अनेक उत्तम आशीर्वाद.

रविवारी मी फोन मध्येच ठेवला, ते चुकलं. तू सरळ प्रश्न विचारला होतास. पार्किंगमध्ये मागे आलेल्या त्या माणसाचं सांगितलंस, तीन शस्त्रांचे फोटो पाठवलेस आणि म्हणालीस, "बाबा, तुम्ही असता तर रोज जवळ ठेवायला यातलं कोणतं घेतलं असतं?" मी प्रश्नाला उत्तर दिलं नाही, भलतंच बोललो. तेव्हापासून आई माझ्याशी कामापुरतं बोलते आहे. काल वाढताना एवढंच म्हणाली, "पोरगी घाबरली आहे, तिला उत्तर द्या." फोनवर माझा आवाज चढतो, म्हणून लिहायला बसलो. लिहून झालं की तुझ्या बाळ्यादादाला फोटो काढून तुला पाठवायला सांगतो.

सकाळी मारबतीची मिरवणूक गेली. गर्दीत जाणं आता होत नाही, टीव्हीवरच पाहिली. आता गल्लीतली पोट्टी आपापले लाकडी बैल घेऊन फिरताहेत. आईने पोरांना द्यायच्या बोजाऱ्यासाठी दहाच्या कोऱ्या नोटा काढून ठेवल्या आहेत. तुझ्या छोटूचा मागच्या वर्षीचा बैल शोकेसवर आहे, चाक मी पुन्हा बसवलं. आठवतं ना, किती हिंडला होता तो इथे? फ्रिजवर ठेवलेला आईचा चष्मा त्याला हवा होता. स्वयंपाकघरातून खुर्ची ओढत आणली, वर चढला, घेतला. आम्ही दोघं तिथेच बसलो होतो. खुर्ची सरकल्याचा आवाज ऐकूनही आमच्या लक्षात आलं नाही.

तर तुझा प्रश्न. मी नीट विचार करून सांगतो.

इतकी वर्षं हा विषय निघाला नव्हता, कारण एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर असताना शिकारीच्या परवान्यासारखे अपवाद सोडले तर अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने तुला शस्त्र बाळगताच येत नव्हतं. ग्रीन कार्ड आलं आणि ते दार उघडलं. तुमच्या टेक्सासमध्ये तर १ सप्टेंबर २०२१ पासून २१ वर्षांवरच्या माणसाला, दुसरी काही कायदेशीर आडकाठी नसेल तर, परवान्याशिवायही पिस्तूल जवळ बाळगता येतं. इथे आजोबांना पीकसंरक्षणासाठी साधी दुनळी बंदूक ठेवायची तर ठाण्याची चौकशी, नूतनीकरणाच्या खेपा, आणि निवडणूक लागली की बंदूक काटोलच्या ठाण्यात जमा. तेव्हा चिडायचे ते. मला आता वाटतं, त्या खेपांमुळे का होईना, बंदूक घरात आहे हे कोणी विसरत नसे.

पहिला फोटो ग्लॉक १९. नऊ मिलिमीटर, १५ गोळ्यांचं मॅगझिन, नळी साधारण चार इंचांची. साधं, भरवशाचं, भाग कमी. कारखान्यातला माणूस म्हणून मला ते आवडतं. हाताने लावायचा सुरक्षेचा खटका त्याला नाही, चापातच एक छोटी पट्टी असते. चाप दाबला की सुटलं. आणि साफ करायला उघडताना आधी चाप दाबावा लागतो. नळीत गोळी नाही याची खात्री न करता दाबला तर काय होईल, ते तुला सांगायला नको.

दुसरा सिग सॉअर पी३६५. २०१८ मध्ये आलेलं, दहा गोळ्या, अर्ध्या किलोच्या आसपास. कुर्त्याखाली दिसणार नाही हे तुझं खरं. उघडताना चाप दाबावा लागत नाही, ही चांगली गोष्ट. पण हलकं शस्त्र हाताला जास्त झटका देतं. शस्त्र जितकं हलकं, तितका जास्त झटका तुझ्या मनगटाला सोसावा लागतो. दुकानात हातात घेऊन बरं वाटतं आणि पन्नास गोळ्या मारल्यावर नकोसं होतं. तिथे रेंजवर भाड्याने मिळतात ना? तिन्ही मारून पाहिल्याशिवाय एकाचेही पैसे भरू नकोस.

तिसरं ते स्मिथ अँड वेसनचं लहान रिव्हॉल्व्हर, ६४२. पाचच गोळ्या, ·३८ स्पेशल, घोडा आत झाकलेला, त्यामुळे कपड्यात अडकत नाही. वजन चारशे ग्रॅमच्या थोडं वर. चाप जड, साधारण बारा पौंडांचा. ग्लॉकचा साडेपाचाच्या आसपास असतो. जड चापामुळे नेम हलतो, हे रिव्हॉल्व्हर चांगलं चालवणं तिन्हीत सर्वात कठीण आहे. तरीही मला विचारशील तर हेच. दुकानदार हसेल, जावईबापूही म्हणतील की पाचच काऊन. माझं कारण गोळ्यांच्या संख्येचं नाही. रिव्हॉल्व्हरचं चक्र बाजूला काढलं की पाच भोकं दिसतात. भरलेली की रिकामी, ते डोळ्यांना दिसतं, बोटाला कळतं. पिस्तुलाचं मॅगझिन काढून टेबलावर ठेवलं की माणसाला वाटतं रिकामं झालं, आणि एक गोळी नळीत तशीच असते.

रात्री ते कुठे असेल, राणी?

विचारायचं नाही असं ठरवूनच बसलो होतो. तू दोन घरं सांभाळणारी बाई आहेस, रक्तपेढीत रात्र-रात्र पिशव्यांवरचे रक्तगट तपासतेस, एक चूक म्हणजे एक माणूस. मी तुला काळजीपूर्वक वागायला सांगावं असं काही उरलेलं नाही. मी आयुष्यभर अंबाझरीच्या दारूगोळा कारखान्यात गोळ्याच्या कवचांची मापं तपासली. गेजचं एक टोक आत गेलंच पाहिजे, दुसरं जाताच कामा नये. तुझं काम पाहतो तेव्हा वाटतं, हे माझंच काम पुढे गेलं. लोकांना सांगतोही. वाडीच्या चहावाल्यालाही माहीत आहे की माझी मुलगी ह्युस्टनला रक्तपेढीत आहे.

पण तूच म्हणालीस की हॉस्पिटलच्या आत शस्त्र नेता येत नाही. मग बारा तास ते गाडीत राहणार. आणि तो माणूस तुझ्या मागे आला तो पार्किंगमध्ये, लिफ्टपासून गाडीपर्यंत. म्हणजे जिथे तुला भीती वाटली, तेवढ्याच शंभर पावलांत ते तुझ्याजवळ नसेल. हे मी वाद म्हणून मांडत नाही, मला खरंच कळत नाही. गाडीची काच फोडून कोणी ते नेलं तर मग तेच पिस्तूल कोणाच्या हातात? गाडीत ठेवणारच असशील तर सीटखाली नाही. लोखंडी पेटी, तारेने सीटच्या चौकटीला बांधलेली. आणि रात्री सुटताना गार्डला सोबत बोलाव. लाजायचं नाही. तू कॉलेजात होतीस तेव्हा धरमपेठेतून ट्यूशन सुटून स्कूटीवर यायचीस, तेव्हा मी वाडी नाक्यावर उभा असायचो. मित्रांसमोर तुला राग यायचा. एकदा म्हणालीस, "बाबा, मी लहान आहे का?" दुसऱ्या दिवसापासून मी पानठेल्याच्या आड उभा राहू लागलो, तुला दिसणार नाही असा. आता ते होत नाही. तुमच्याकडे रात्रीचे दोन वाजतात तेव्हा इथे दुपार असते, मी जेवून बसलेला असतो आणि घड्याळ पाहतो.

पर्समध्ये ठेवायचं नाही. यावर मी ऐकणार नाही. २०१४ च्या डिसेंबरात आयडाहोमध्ये एक बाई दुकानात सामान घेत होती. २९ वर्षांची, अणुसंशोधनाच्या प्रयोगशाळेत शास्त्रज्ञ, परवाना असलेली. पर्सला पिस्तुलासाठी वेगळा चेनचा कप्पा होता. ट्रॉलीत बसलेल्या तिच्या दोन वर्षांच्या मुलाने ती चेन उघडली. ती बाई अडाणी नव्हती, निष्काळजी नव्हती. पाच मिनिटं पर्सपासून तिचा हात दूर गेला असेल. तेव्हा ठेवायचंच तर कंबरेला, चाप पूर्ण झाकणाऱ्या कडक होल्स्टरमध्ये. अंगावरून उतरलं की थेट भिंतीला बोल्टने बसवलेल्या तिजोरीत. उशाखाली नाही, कपाटावर नाही, कपड्यांच्या घडीखाली नाही. टेक्सासमध्येही निष्काळजीपणे ठेवलेलं भरलेलं शस्त्र १७ वर्षांखालच्या मुलाच्या हाती लागलं तर ठेवणाऱ्याचा तो गुन्हा आहे, पण मी कायद्यासाठी सांगत नाही. आणि परवाना लागत नसला तरी तो ४ ते ६ तासांचा वर्ग कर, निशाण्याची परीक्षा दे. नऊ मिलिमीटरची गोळी आठ ग्रॅमची, सेकंदाला साडेतीनशे मीटरच्या आसपास जाते. तुमच्या घराच्या भिंती जिप्समच्या. हॉलमध्ये नेम चुकला तर पलीकडे छोटूची खोली आहे. अंधारात, झोपेतून उठून, हात थरथरत असताना तू

बघ, पुन्हा सुरू झालो. माफ कर. तुझं वय काय, माझं बोलणं काय. तू उत्तर मागितलंस, मी वर्ग घेतो आहे.

मी असा का बोलतो त्याचं कारण तुला माहीत नाही. आईला माहीत आहे. ते आता सांगतो.

काटोलच्या घरी माजघरात एक जागा गळायची. दर पावसाळ्यात आजी तिथे पाणी धरायला गंज ठेवायची आणि तू विचारायचीस की छपराचे तिथलेच कवेलू नवे का. आम्ही सांगायचो, माकडांनी फोडले. माकडांनी नाही फोडले, बाई.

तू चार वर्षांची होतीस, दिवाळीनंतरची थंडी. हरभऱ्यात रानडुकरं शिरत होती. आजोबा आणि मी रात्री जागलीला होतो. बंदूक त्यांची, त्यांनीच एक बार काढला, डुकरं पळाली. पहाटे घरी आलो. ओसरीवर त्यांनी बंदूक माझ्या हाती दिली आणि म्हणाले, "रिकामी करून ठेव." मी ती मधून उघडून उडालेलं काडतूस काढलं, खिशात टाकलं, आणि दाराआड उभी केली. दुसऱ्या नळीतलं तसंच राहिलं. दिवसाला शेकडो कवचं तपासणारा मी. नळ्या दोन आहेत हे मला माहीत नव्हतं का? झोप येत होती, चहा चुलीवर होता, कोणीतरी हाक मारली. एवढंच.

सकाळी बाळ्याने ती उचलली. नऊ वर्षांचा होता, शिपाई-शिपाई खेळत होता. तू समोर उभी होतीस, हात वर करून. तो खेळच तसा होता. जुनी बाहेरच्या घोड्यांची बंदूक, त्याने दोन्ही अंगठ्यांनी घोडा ओढला. त्याच्याने ती पेलत नव्हती म्हणून मागे झुकला आणि नळी वर गेली. म्हणून कवेलू.

मी अंगणात होतो. आवाज झाला, आणि मग काही क्षण कोणाचाच आवाज नाही. आत आलो तर तू हात वर करून तशीच उभी, केसांत, खांद्यावर मातीचा भुगा. रडलीही नाहीस. मला पाहून म्हणालीस, "बाबा, मी हरले."

आजोबांनी मला एक शब्द बोलला नाही. त्याच आठवड्यात बंदूक जमा केली, परवाना परत केला. पुढच्या वर्षी अर्धा हरभरा डुकरांनी खाल्ला, तरीही नाही बोलले. बाळ्याला मात्र मी मारलं. खरं तर कोणीतरी मला मारायला हवं होतं, आणि मी त्याला मारलं. आज तो चाळिशीला आला, दोन पोरांचा बाप आहे, एकाही दिवाळीला फटाके घरी आणत नाही. त्या गोष्टीबद्दल आम्ही दोघं कधी बोललो नाही. हे पत्र आता त्याच्याकडे देत नाही. फोटो आईच काढील.

तू मला रविवारी म्हणालीस, "बाबा, तुम्हाला माझी भीती दिसत नाही." दिसते गं. त्या पार्किंगमधल्या माणसाची मलाही भीती वाटते, रोज दुपारी वाटते. तू घेऊ नकोस असं मी म्हणणार नाही. तिथे तू एकटी चालतेस, मी नाही. घेतलंस तर मी पुन्हा फोन आपटणार नाही, कोणतं घेतलंस ते विचारीन, कसं चालतं तेही विचारीन. फक्त अंगावरून काढशील त्या प्रत्येक वेळी डोळ्यांनी बघ, मग बोट घालून बघ. दमलेली असशील, सकाळ झालेली असेल, छोटू पायाला बिलगला असेल, तेव्हा तर दोनदा बघ.

आईने संत्रा बर्फी बांधून ठेवली आहे, मामाच्या साडूची मुलगी पुढच्या महिन्यात तिकडे येते तिच्याबरोबर पाठवते. जावईबापूंचा खांदा कसा आहे? गल्लीत पोरांचा गलका वाढला, ती दाराशी येतील आता.

एक काम कर. छोटूची उंची मोजून कळव. डोक्यापर्यंत नको. हात वर करून, बोटांच्या टोकापर्यंत. आणि मग एकदा खुर्चीवर उभा करून.

तुझा,
बाबा